हजेरी घरापासून धरा

गोदीत काम गेटपासून सुरू होतं. गेटच्या आत पाय पडला, मुकादमाने वहीत नावापुढे खूण केली, की तू कामगार. त्याच्या अलीकडे तू कोणीच नाहीस. गेटबाहेर तुझा हात गेला, पाय गेला, जीव गेला, तर तो तुझ्या घरचा मामला. साहेबाचा नाही, कंत्राटदाराचा नाही, सरकारचा तर नाहीच नाही.

मला या गेटाबद्दल बोलायचं आहे. कारण आपल्या चळवळीतही कामगार म्हटलं की आपण गेटच्या आतलाच माणूस बघतो. पगार, बोनस, कायम करणं, सगळं गेटच्या आतलं. तोच माणूस रोज चार-पाच तास गाडीच्या दारात लोंबकळतो, त्याचा हिशेब कुठल्याच मागणीपत्रात नाही.

आमच्या टोळीत एक मामा होते. सगळी टोळी त्यांना मामाच म्हणायची. शहापूर तालुक्यातला माणूस, आपल्याच समाजाचा. आसनगाव स्टेशनपासून तीनेक किलोमीटर आत वस्ती. पहाटे पावणेचारला उठायचे, सव्वाचारला घर सोडायचे. हातात बॅटरी, खांद्याला डबा, अंधारात चालत आसनगाव. तिथून लोकल. साडेसातला गोदीच्या गेटवर हजर. मग दिवसभर स्लिंग लावायची, लॅशिंग सोडायचं, गोणी रचायच्या. पाचला सुटायचे आणि घरी पोचायला सव्वाआठ व्हायचे. जाऊन-येऊन साडेसहा तास. एकदा म्हणाले, "पोरा, मी माझ्या घरात पाव्हणा हाय. पोरं निजलेली असताना निघायचं, निजायच्या वख्ताला पोचायचं."

मागच्या थंडीत पाचला सुटून मामा भायखळ्याला कसारा गाडीत घुसले. घुसले म्हणजे दारात एक पाय मिळाला. कुर्ल्याच्या पुढे खांबाला खांदा लागला. पडले नाहीत. आतल्या पोरांनी पट्ट्याला धरून ओढलं. पण उजवा हात कायमचा कामातून गेला. आठ दिवसांनी आम्ही चौघे कंत्राटदाराच्या हापिसात गेलो. तिथल्या बाबूने वही काढली, बोट ठेवलं आणि विचारलं, "पाचला सुटले होते ना? मग गेटच्या आत झालं का?" नव्हतं झालं. वही बंद. मामाचं नावही बंद. त्यांच्या जागी दुसऱ्या दिवशी टिटवाळ्याचा पोरगा आला. त्याचाही दोष नाही. त्यालाही पोट आहे.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच सवाल आहे. कामगाराचा दिवस सुरू कुठून होतो?

माझं स्वतःचं सांगतो. मी कल्याण पूर्वेला राहतो. सव्वापाचला घर सोडतो. शेअर रिक्षाचे पैसे वाचवायचे म्हणून स्टेशनपर्यंत पायी. पूल, प्लॅटफॉर्म, गाडी, पुन्हा पूल, पुन्हा चालणं. पाळी आठची, पण साडेसातला मुकादमासमोर उभं राहिलं नाही तर त्या दिवशी काम मिळेलच असं नाही. जाताना सव्वादोन तास, येताना सव्वादोन तास. रोजचे साडेचार. महिन्याचे २६ दिवस धरा, ११७ तास झाले. आठ तासांची एक पाळी धरली तर महिन्याला साडेचौदा पाळ्या, वर्षाला १७५. मॅट्रिकपर्यंतचं गणित मला येतं. वर्षातल्या १७५ पाळ्या मी फुकट भरतो, वर पासाचे पैसे मीच देतो. पावसाळ्यात रुळावर पाणी आलं, ओव्हरहेड वायर तुटली, तर ते वेगळं. त्या दिवशी खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापतात.

हापिसातला माणूस उशिरा पोचला तर त्याला लेट मार्क लागतो. मी उशिरा पोचलो तर माझा दिवस जातो. एकाच गाडीच्या एकाच उशिराचे हे दोन भाव आहेत.

आता कोणी म्हणेल, गर्दी सगळ्यांनाच आहे, यात जात कुठून आली? डोंबिवलीचा कुलकर्णीही लटकतो. लटकतो, मी रोज बघतो. त्याचा घाम आणि माझा घाम त्या डब्यात एकच होतो. चेंगरताना कोणी कोणाला जात विचारत नाही, हे खरं आहे. पण कोण कुठे राहील, किती लांब राहील, हे कोण ठरवतं? ते गाडीत ठरत नाही. ते खोली शोधताना ठरतं.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये आपल्या लहानपणचा प्रवास लिहिलाय. १९०१ साल. नऊ-दहा वर्षांचा पोरगा भाऊ आणि भाच्याबरोबर वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला. अंगावर चांगले कपडे, खिशात तिकीट. मसूर स्टेशनपर्यंत सगळं ठीक. गाडीत बसू दिलं, कारण तिकिटावर जात छापलेली नव्हती. स्टेशनमास्तरने विचारलं, कोण तुम्ही? महार म्हटल्याबरोबर तो मागे सरला. एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, तेही असं की बैलगाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. रात्रभर पाणी मिळालं नाही. म्हणजे बघा, रेल्वेच्या पट्टीवर जात थोडी थांबली, पण स्टेशन संपल्याबरोबर पुन्हा सुरू झाली.

आज बैलगाडी नाही. आज खोली आहे. मी स्वतः स्टेशनजवळची खोली बघायला गेलो होतो. भाडं जमत होतं. मालकीणबाई चहा टाकते म्हणाल्या. मग आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग "कुठल्या आळीतले?" विचारलं. चहा आला नाही. "अहो, सकाळीच एकाला शब्द दिलाय." ती खोली पुढे दोन महिने रिकामी होती. मी रोज तिच्या खालून जात होतो. मग आम्ही जातो कुठे? जिथे आडनाव विचारत नाहीत तिथे. डोंगराच्या कडेला, खाडीच्या दलदलीत, रुळाच्या पलीकडे, जिथे नळ नाही आणि रिक्षा जायला तयार नाही. स्टेशनापासून प्रत्येक किलोमीटर लांब म्हणजे रोजची पंधरा-वीस मिनिटं. आडनावाचा दंड मिनिटांत भरायचा. रोज भरायचा. जन्मभर भरायचा.

गावात आपली वस्ती गावकुसाबाहेर होती. आपण शहरात आलो तेव्हा वाटलं, इथे कूस नाही. आहे. ती दगडाची नाही, वेळेची आहे. कळवा, मुंब्रा, दिवा, आंबिवली, टिटवाळा, आणखी पुढे वासिंद, आसनगाव. सकाळी आत जायचं, शहराचं काम करायचं, दिवस मावळला की बाहेर यायचं. पूर्वी येसकर वेशीवर बसायचा. आता आपण इंडिकेटरखाली उभे राहतो.

आणि यात आपण एकटे नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर बसले. संप मोडला, गिरण्या गेल्या, त्या जागी टॉवर आले. लालबाग-परळचा कामगार डोंबिवली, कल्याण, बदलापूरला फेकला गेला. त्याच्या घराचा वादा इतकी वर्षं लोंबकळला आणि आता सरकार म्हणतं, शेलू आणि वांगणीला घरं घ्या. कर्जत लाइनला, बदलापूरच्याही पलीकडे. ज्याच्या घामाची जमीन परळला होती, त्याला वांगणी. ९ जुलै २०२५ ला गिरणी कामगार आझाद मैदानावर याच्याविरुद्ध उतरले. त्या मोर्चात कुणबी होता, मराठा होता, मुसलमान होता, आपला माणूस होता. सगळ्यांना एकाच कुसाबाहेर ढकलायचं चाललंय. आपण यातले सगळ्यात जुने अनुभवी आहोत, एवढाच फरक.

शाळेत शिकवतात की १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. ३४ किलोमीटर, १४ डबे, तीन इंजिनं, चारशे पाहुणे, २१ तोफांची सलामी. १ मे १८५४ ला ती कल्याणपर्यंत आली. पाहुणे कोण होते हे पुस्तकात आहे. भराव कोणी टाकला ते नाही. पुढे थळघाट आणि बोरघाट फोडताना हजारो मजूर कॉलऱ्याने, तापाने, सुरुंगाने मेले. त्यांच्या नावाची पाटी मी तरी बघितली नाही. ही रेल्वे आधी मालासाठी आली. आतल्या मुलखातला कापूस गोदीपर्यंत आणायचा होता. गोदी आणि रेल्वे सख्ख्या बहिणी आहेत, आणि दोघींच्या घरी राबायला आपणच.

याच जीआयपी रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला भरली होती. बाबासाहेब तिथे बोलले. रेल्वेत आपल्या माणसाला गँगमनच्या पुढे का जाऊ देत नाहीत, ते त्यांनी सांगितलं. आणि कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे तिथेच सांगितलं. आपण ते वाक्य भिंतीवर लिहितो. पण ते रेल्वे कामगारांसमोर बोललेलं आहे, हे विसरतो. माझ्या प्रवासात हे दोन्ही शत्रू रोज एका डब्यात भेटतात. एकाने मला लांब ठेवलं. दुसऱ्याने त्या लांबीचे पैसे द्यायला नकार दिला.

आता शहापूर तालुक्याचंच बघा. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. पुढे भातसा आलं. मामाच्या तालुक्यातलं पाणी उताराने निघतं, मोठ्या पाइपातून मुंबईत जातं. त्याला कोणी थांबवत नाही, त्याचा सिग्नल लाल होत नाही. उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांत टँकर येतो. बाया हंडे घेऊन टँकरमागे पळतात. ज्या शहराला पाणी या मुलखाने दिलं, त्याच शहरात मजुरी करायला या मुलखातला माणूस दारात लटकून जातो. पाण्याची सोय केली कारण पाणी पाहिजे होतं. माणूसही पाहिजे आहे, पण तो आपल्या खर्चाने येतो, म्हणून त्याची सोय करायची गरज नाही.

माझी बहीण दिव्याला राहते. ठाण्याला घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्समध्ये चार घरची धुणीभांडी करते. दिव्यापासून ठाणं तीन स्टेशनं. गाडीत बसलं तर पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता. पण कल्याणहून, डोंबिवलीहून गाडी भरूनच येते. लेडीज डब्याच्या दारातल्या बाया सांगतात, जागा नाही. त्याही खरंच सांगतात. दोन गाड्या सोडायच्या, तिसरीत शिरायचं. ठाण्याहून पुन्हा बस. पहिल्या घरची बाई म्हणते, "रोज उशीर कसा होतो तुला?" ताई सकाळी साडेसहाला निघते आणि दुपारी तीनपर्यंत लघवी दाबून धरते. चार घरांचे चार संडास ती घासते, वापरायला मात्र एकही नाही. हा पण प्रवासाचाच भाग आहे, मित्रांनो. हे कुठल्या टाइमटेबलात छापलेलं नाही.

दिव्याच्या माणसांनी खूप वर्षं फास्ट गाड्या डोळ्यांसमोरून जाताना बघितल्या. २ जानेवारी २०१५ ला गाड्या रखडल्या आणि माणसं रुळावर उतरली. दगड पडले, पोलिसांच्या गाड्या पेटल्या. दुसऱ्या दिवशी पांढरपेशांनी विचारलं, ही कसली माणसं? डिसेंबर २०१६ मध्ये दिव्याला फास्ट गाडी थांबू लागली. अर्ज-विनंत्यांची किंमत किती आणि रुळावर उतरण्याची किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या गाड्यांच्या जागी एसी गाड्या आणल्या, तेव्हा कळव्याची, बदलापूरची माणसं अशीच उतरली. मध्य रेल्वेला वाढवलेल्या दहा एसी फेऱ्या आठवडाभरात मागे घ्याव्या लागल्या. एसीला विरोध नव्हता. आमची गाडी काढून तिच्या वेळेवर त्यांची गाडी लावायला विरोध होता.

आणि आता त्याच दिव्याजवळ, म्हातार्डीला, बुलेट ट्रेनचं स्टेशन होतंय. ठाण्याच्या खाडीखालून बोगदा जातोय. अहमदाबादला दोन-तीन तासांत पोचायचं आहे म्हणे. माझी बहीण त्या कामाच्या धुळीतून चालत दिवा स्टेशनला जाते आणि तीन स्टेशनांसाठी तिसऱ्या गाडीची वाट बघते.

९ जून २०२५. सोमवार सकाळ. दिवा ते मुंब्रा, वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून गेल्या. दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासली आणि खाली पडली. चार जण त्याच दिवशी गेले. त्यात रेल्वे पोलिसांतला एक शिपाईही होता. संध्याकाळी सगळीकडे एकच उपदेश सुरू झाला, लटकू नका. आम्हाला काय हौस आहे? रेल्वेच्याच कागदांत या गर्दीला नाव आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड'. एका चौरस मीटरला १४ ते १६ माणसं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागा खडूने आखा आणि आपल्या वस्तीतली चौदा माणसं तिच्यात उभी करून बघा. मग सांगा, पंधराव्याने कुठे जायचं?

१९७८ चे जनावरांच्या वाहतुकीचे नियम आहेत. त्यांत ब्रॉडगेजच्या मालडब्यात दहापेक्षा जास्त मोठी गुरं भरू नयेत असं लिहिलंय. गुरांना आकडा आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ या एका वर्षात २,५९० माणसं मेली. दिवसाला सात. जून २०२४ मध्ये हा आकडा उच्च न्यायालयासमोर आला, तेव्हा माणसं गुरासारखी नेली जातात याची लाज वाटते असं न्यायालयाने सुनावलं. बरं वाटलं ऐकून. पण गुरासारखं नेलं असतं तर डब्यात दहाच असतो. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १५६ व्या कलमात फुटबोर्डावरून प्रवास केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे आत जागा नाही आणि बाहेर उभं राहिलं तर गुन्हा.

आता मामाच्या वहीकडे परत येतो. बाबूने सांगितलं, गेटच्या आत झालं नाही म्हणून आमचा संबंध नाही. आम्ही मान खाली घालून आलो. तेव्हा आम्हाला कायदा माहीत नव्हता. नंतर मी युनियनच्या एका जाणत्या माणसाकडे बसून समजून घेतला. तो इथे लिहितो, कारण तुमच्यातल्या प्रत्येकाच्या घरात एक मामा आहे.

२०१० मध्ये ईएसआयच्या कायद्यात ५१-ई हे कलम घातलं. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना अपघात झाला, आणि वेळ, जागा, परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असला, तर तो अपघात कामावरचाच धरायचा. जो ईएसआयमध्ये नाही, जो १९२३ च्या भरपाई कायद्याखाली येतो, त्याचं काय? एक खटला आपल्याच महाराष्ट्रातला होता. साखर कारखान्याचा वॉचमन, पहाटे तीनची पाळी, २००३ साली मोटारसायकलवरून कामावर जाताना रस्त्यात मेला. कारखाना पाच किलोमीटर राहिला होता. त्याच्या बायकापोरांची भरपाई हायकोर्टात नाकारली गेली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ५१-ई चं तत्त्व जुन्या भरपाई कायद्यालाही लागू होतं, आणि मागच्या प्रकरणांनाही. बावीस वर्षांनी त्या घराला न्याय मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे.

संहितांबद्दल माझी भांडणं पुष्कळ आहेत, ती वेगळी लिहीन. पण ही एक ओळ आपल्या कामाची आहे. कायद्याने मान्य केलं की गेट हे कामाचं टोक नाही. घरापासून कामापर्यंतचा रस्ता कामाचाच भाग आहे. हात तुटला तर भाग आहे, मेला तर भाग आहे. मग मी विचारतो, मेल्यावर तो रस्ता कामाचा होतो, तर जिवंत असताना का नाही? ज्या रस्त्यावर मेलो तर मालक भरपाई देणार, त्याच रस्त्यावर रोज साडेचार तास जिवंत राहून दाखवलं तर त्याची हजेरी कुठे आहे?

तासांची लढाई आपल्याला नवीन नाही. नारायण मेघाजी लोखंडे, जोतिबांचा सत्यशोधक माणूस, त्याने १८८४ पासून गिरणी कामगार उभा केला आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ करायला मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तसेच राहतील म्हणतात. कामगाराची लेखी संमती घेऊ म्हणतात. संमती! मुकादमासमोर साडेसातला उभा राहिलेला माणूस कागदावर सही करायला नाही म्हणेल?

बारामध्ये माझे साडेचार मिळवा. साडेसोळा. मामाचे साडेसहा मिळवा. साडेअठरा. राहिले साडेपाच तास. त्यात जेवायचं, झोपायचं, पोराचा अभ्यास घ्यायचा, बायकोशी दोन शब्द बोलायचे, बुद्धविहारात जायचं, वाचायचं, संघटना करायची. बारा तासांचा हिशेब मांडणारा माणूस कामाच्या जागेपासून दहा मिनिटांवर राहतो. त्याच्या कागदावर प्रवासाचा रकानाच नाही.

आता थोडं आपल्या घरातलं. मित्रांनो, राग मानू नका. आपल्या बैठका कुठे होतात? दादरला. किती वाजता? संध्याकाळी साडेसात. संपतात दहाला, कारण शेवटी चार जणांना बोलायचंच असतं. मग आपण तक्रार करतो की खेड्यातला, वस्तीतला कार्यकर्ता येत नाही. मामांना मी दोनदा चला म्हटलं होतं. ते म्हणाले, "येतो रे, पण परत कोण पोचवंल?" दहाला बैठक संपली तर आसनगावचा माणूस दीड वाजता घरात आणि पावणेचारला पुन्हा उठायचं. त्याला आपण निष्क्रिय म्हणतो. आपल्या चळवळीलाही एक गेट आहे. ते दादरला आहे. ज्याची खोली दादरपासून अर्ध्या तासावर, तो पुढारी होतो. माझ्या कविता पण गाडीतच होतात, हातात कागद धरायला जागा नसते म्हणून तोंडपाठ ठेवतो, अर्ध्या ठाण्याच्या आत विसरतो. हे काही मी कौतुक म्हणून सांगत नाही. किती माणसांचं डोकं असं रोज रुळावर सांडतं, त्याचा विचार करा.

आणि ६ डिसेंबर आला की त्याच गाडीत काही जण नाक मुरडतात. आज गर्दी आहे, ते लोक आलेत. बारा महिने याच गर्दीत चेंगरणारा माणूस, वर्षातला एक दिवस चैत्यभूमीवर जाणाऱ्या माणसाची गर्दी त्याला वेगळी दिसते. त्याला शांतपणे सांगा, बाबा, तुझ्या आठवड्याचे ४८ तास ज्याच्या काळात झाले, त्यालाच वंदन करायला ही माणसं चाललीत. तुझ्याही वतीने चाललीत.

मग करायचं काय? नुसत्या शिव्या देऊन लेख संपवायचा नाही, असं मी ठरवलंय.

पहिलं, प्रत्येक मागणीपत्रात प्रवासाचे तास लिहा. बारा तासांच्या दिवसाला विरोध करताना घर ते घर हिशेब मांडा. कंत्राटी असो, नाक्यावरचा असो, घरकामाची बाई असो, तिचे तास घराच्या उंबऱ्यापासून मोजा.

दुसरं, येता-जाताना झालेल्या अपघाताची भरपाई मागायला प्रत्येक वस्तीत एक पोरगा, एक पोरगी तयार करा. दवाखान्याचा कागद, पास, हजेरीच्या वहीचा फोटो, सोबत असलेल्यांची नावं. एवढं त्याच आठवड्यात गोळा झालं पाहिजे. गाडीतून पडून मेला किंवा जखमी झाला, तर रेल्वे कायद्याच्या १२४-ए प्रमाणे रेल्वेकडेही दावा होतो, मृत्यूला आठ लाख. प्रेताजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असं म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितलंय. हे आपल्या किती घरांना माहीत आहे?

तिसरं, दिव्याहून सुटणाऱ्या गाड्या, कसारा आणि कर्जतला साध्या गाड्यांच्या जादा फेऱ्या, स्टेशनात बायांसाठी चालू आणि स्वच्छ संडास. या मागण्या प्रवासी संघटनांवर सोडू नका. तिथे बहुतेक वेळा खिडकीत बसलेला माणूस बोलतो. दारातल्या माणसाने बोललं पाहिजे.

चौथं, घर. जिथे काम तिथे घर. शेलू-वांगणीच्या विरोधात गिरणी कामगार उभा आहे, त्याच्या शेजारी उभे राहा. आणि जात विचारून खोली नाकारणाऱ्याचं नाव वस्तीत जाहीर झालं पाहिजे. तो सवालही प्रवासाचाच सवाल आहे.

पाचवं, आपल्या बैठका कल्याणला, आसनगावला, मुरबाडच्या एसटी स्टँडवर घ्या. रविवारी सकाळी घ्या. दादरच्या पुढाऱ्यांनी एकदा उलट्या गाडीने यावं. मेगाब्लॉक असेल. त्यांनाही कळेल.

मी मागच्या महिन्यात मामांच्या घरी गेलो होतो. डाव्या हाताने चहाचा कप धरायला शिकलेत. त्यांचा भरपाईचा अर्ज आम्ही लिहिला, सगळी टोळी सही करून साक्षीला उभी आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. निघताना त्यांनी एक गोष्ट विचारली, "अर्जात येळ काय लिवली?" मी म्हटलं, पाच वाजून चाळीस मिनिटं, अपघाताची. ते म्हणाले, "तसं नको. लिव, सकाळी सव्वाचारपास्नं कामावर."

तसंच लिहिलंय.

जयभीम.